गल्ला पुन्हा उघडताना: प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या नव्या खजिनदारासाठी

सगळं ऑनलाइन होतं तेव्हा खजिनदाराचं काम तसं आरामाचं होतं. पैसे यायचे ते खात्यात, जायचे ते खात्यातून. महिनाअखेरीस बँकेचं स्टेटमेंट उघडलं की अर्धा हिशेब आपोआप लिहिलेला सापडायचा. प्रत्यक्ष कार्यक्रम सुरू झाले की हे सुख संपतं. आता पैसा खात्यात पोहोचण्याआधी दाराशी बसलेल्या दोघांच्या हातून जातो, सजावटीचं सामान आणायला पळालेल्या तिसऱ्याच्या खिशातून जातो आणि हॉलवाल्याला फोनवर "हो, पक्कं" म्हणून मोकळ्या झालेल्या चौथ्याच्या तोंडूनही जातो. यातलं काहीच स्टेटमेंटवर दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मी अशाच संक्रमणाच्या वर्षी खजिनदार होते. माझ्या आधीच्या दोन्ही खजिनदारांनी एकही प्रत्यक्ष कार्यक्रम केलेला नव्हता, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधली तीन वर्षं म्हणजे एका अभ्यासक्रमाचं जवळजवळ पूर्ण आयुष्य. हॉलची अनामत मागे लागल्याशिवाय परत मिळत नाही, गर्दीच्या वेळी सुटे पैसे सगळ्यात आधी संपतात, असलं व्यवहारज्ञान कोणी लिहून ठेवत नाही. ते माणसांबरोबर येतं आणि त्यांच्याबरोबरच पदवी घेऊन निघून जातं. महामारीमुळे असो किंवा दुसऱ्या कशामुळे, मोठ्या खंडानंतर तुमची संघटना पुन्हा हॉल घ्यायला निघाली असेल, तर पुढच्या पायऱ्या या क्रमाने करा. क्रम मुद्दाम असा लावला आहे. हॉल आधी ठरवून हिशेब मागून लावणारे पुष्कळ पाहिले, मीही त्यातलीच एक.

पायरी १: आधी मोजदाद

द्विनोंदी हिशेबाची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची पद्धत १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने छापून मांडली. त्यात व्यापाऱ्याला सांगितलेलं पहिलं काम नोंदी करण्याचं नाही, मोजदादीचं आहे: तुझ्याकडे काय काय आहे आणि तू कोणाचं देणं लागतोस, त्याची यादी कर. विद्यार्थी संघटनेला द्विनोंदीची गरज सहसा पडत नाही, पण हे पहिलं काम मात्र चुकवू नका.

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे आपलं: बँक खात्यातली शिल्लक, पेमेंट गेटवेमध्ये (लोकांचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी सेवा) अडकून राहिलेली रक्कम, कपाटातल्या गल्ल्यात विसरलेली रोकड, आणि बॅनर, एक्स्टेन्शन बोर्ड, स्पीकर यांसारख्या वस्तू. वस्तू हाताळून, चालू करून बघा. बंद कपाटात काही वर्षं पडलेला स्पीकर यादीत असतो, पण वाजतोच असं नाही. उजवीकडे देणी: रद्द झालेल्या कार्यक्रमांचे परत न केलेले पैसे, कोणीतरी खिशातून भरलेली आणि अजून न मिळालेली रक्कम, "पुढच्या वर्षी बघू" म्हणून टांगलेलं बिल.

याच वेळी तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, जुनी अनामत. टाळेबंदीने कार्यक्रम रद्द झाला, हॉलवाल्याने "पुढच्या तारखेला वळती करून घेऊ" म्हटलं आणि सगळेच विसरले. जुन्या ईमेलमध्ये "अनामत", "ॲडव्हान्स", "बुकिंग" असे शब्द शोधा. पावती सापडली तर लेखी विचारणा करा. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण पुढच्या भाड्यात वळते करून घेता येतात का ते विचारायला काही लागत नाही.

दुसरी, चालू राहिलेल्या ऑनलाइन वर्गण्या. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद पडते म्हणून सशुल्क योजना घेतलेली असते. सोबत एखादं वेबिनारचं, एखादं पोस्टर बनवायचं ॲप. ही सगळी दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे कापत राहतात. कधी तर ती एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या कार्डावर असतात आणि तो बिचारा संकोचाने बोलत नाही. गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट ओळीओळीने वाचा आणि ज्या खर्चाचा उपयोग आज कोणालाच सांगता येत नाही तो बंद करा. संमिश्र कार्यक्रम करणार असाल, म्हणजे काही लोक समोर आणि काही पडद्यावर, तर एक योजना राहू द्या. मात्र ते समितीत ठरवून, विसरून गेलो म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट सह्यांची. बँकेत सहीचा अधिकार अजून कोणाकडे आहे? बहुतेक वेळा दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या अध्यक्षाकडे. ऑनलाइन व्यवहारांचा पासवर्ड हातात होता म्हणून कोणाला फरक पडला नाही. आता हॉलला चेक द्यायची वेळ आली की सही करणारा दुसऱ्या शहरात निघतो. अधिकार बदलायला समितीचा ठराव, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं लागतात, आणि बँक आपल्या वेळेने काम करते. म्हणून हे पहिल्याच आठवड्यात. पैसे काढायला दोघांची मंजुरी लागेल अशीच व्यवस्था मागा. एकट्या माणसाच्या हाती खातं असणं त्या माणसासाठीही चांगलं नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर संशय त्याच्यावरच येतो.

पायरी २: शिल्लक आणि हातातला पैसा यांत फरक करा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खात्यात दिसणारा आकडा खर्चायला मोकळा नसतो.

समजा खात्यात ६०,००० आहेत (चलन कोणतंही धरा). हॉलला १८,००० चा शब्द दिलेला आहे, पैसे अजून गेलेले नाहीत. जुन्या रद्द कार्यक्रमाचे ५,००० लोकांना परत द्यायचे आहेत. प्रायोजकाने १०,००० दिलेत ते फक्त कार्यशाळेसाठी. पुढच्या समितीच्या हातात किमान १२,००० ठेवायचे असं ठरलेलं आहे. मग मोकळे उरले किती? १५,०००. समितीच्या बैठकीत मात्र सगळे ६०,००० च्या तोऱ्यात बोलत असतात आणि कोणीतरी टी-शर्ट काढायचा विषय काढतं.

यावर उपाय साधा आहे. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये जमा आणि खर्च या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना काढा आणि त्याला "बांधील" म्हणा. कोणीही कोणालाही होकार दिला, मग तो ईमेलवर असो की फोनवर, की ती रक्कम त्याच दिवशी बांधील रकान्यात चढवायची. पैसे प्रत्यक्ष गेले की तिथून काढून खर्चात टाकायची. बैठकीत बँकेची शिल्लक सांगूच नका. शिल्लक वजा बांधील, हाच आकडा सांगा. सुरुवातीला लोक "एवढेच?" म्हणतील. म्हणू द्या.

बाकीचे रकाने नेहमीचेच: तारीख, कार्यक्रमाचं नाव, तपशील, रोख की ऑनलाइन, पावती क्रमांक, मंजुरी कोणाची. कार्यक्रमाच्या नावाचा रकाना आळसाने सोडला जातो. तो सोडला की कुठला कार्यक्रम आतबट्ट्याचा झाला ते वर्षअखेरीस कळायला मार्ग उरत नाही.

पायरी ३: अंदाजपत्रक, पण जुन्या कागदावरून नव्हे

कपाटात २०१९ सालचं अंदाजपत्रक सापडलं तर त्यातली खर्चाच्या बाबींची यादी घ्या, आकडे घेऊ नका. यादी सोन्यासारखी असते, कारण ध्वनिव्यवस्था, सफाई, सुरक्षारक्षक, वाहतूक, छपाई, प्रथमोपचार हे सगळं ऑनलाइन पिढीला आठवतच नाही. दर मात्र नव्याने मागवा, शक्य तिथे दोन-तीन ठिकाणांहून, आणि लेखी.

मग खर्चाचे दोन ढीग करा. माणसं किती येतात यावर जो बदलत नाही तो ठोक खर्च: हॉल, ध्वनी, पाहुण्यांचा प्रवास. माणसागणिक वाढतो तो माणशी खर्च: खाणं, साहित्याचा संच, ओळखपत्राचा बिल्ला. हे दोन ढीग वेगळे केल्याशिवाय तिकिटाचा दर ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

उदाहरण घ्या. ठोक खर्च १८,०००. माणशी खर्च १२०. तिकीट ३००. म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःचा खर्च भागवून ठोक खर्चात १८० ची भर घालतो. १८,००० भागिले १८०, उत्तर १००. शंभर माणसं आली तर ना नफा ना तोटा. ऐंशीच आली तर ३,६०० चा खड्डा. प्रायोजकाकडून ४,५०० मिळाले तर भरून काढायचे उरतात १३,५०० आणि माणसं लागतात ७५. पाच मिनिटांचं गणित आहे, पण ते केलेल्या समितीचं बोलणंच बदलतं. "किती लोक येतील?" ऐवजी "शंभर येतील याची आपल्याला खात्री आहे का?" असा प्रश्न विचारला जातो.

खात्री नसतेच, विशेषतः पहिल्या कार्यक्रमाला. ऑनलाइन सत्राला दोनशे जण जोडलेले असायचे हा आकडा इथे उपयोगाचा नाही. लिंकवर टिचकी मारणं आणि कपडे बदलून, प्रवास करून हॉलवर येणं यात फार अंतर आहे. म्हणून तीन अंदाज लिहा: वाईट, मध्यम, चांगला. वाईट अंदाजात जो तोटा निघतो तो पायरी २ मधल्या मोकळ्या रकमेतून सोसता येतो का, एवढंच बघा. येत नसेल तर हॉल लहान घ्या. खच्चून भरलेला लहान हॉल अर्ध्या रिकाम्या मोठ्या हॉलपेक्षा दिसतोही चांगला.

आकस्मिक खर्चासाठी एकूण अंदाजाच्या दहा टक्क्यांची वेगळी ओळ ठेवा. त्या ओळीवर समितीतला कोणीतरी डोळा ठेवून असतोच. ती कोणाच्या संमतीने वापरायची ते आधी ठरवा.

आणि एक तारीख ठरवा: या दिवसापर्यंत इतकी नोंदणी झाली नाही तर कार्यक्रम पुढे ढकलायचा किंवा छोटा करायचा. ही तारीख हॉल रद्द करायच्या मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीची हवी. नंतरची असून काही उपयोग नाही.

पायरी ४: होकार देण्याआधी

हॉलच्या करारात चार गोष्टी शोधा: रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे परत, अनामत किती आणि किती दिवसांत परत, वेळ वाढल्यास तासाला किती, आणि मोडतोड झाली तर कोण भरणार. हॉलवाल्यालाच हॉल बंद ठेवावा लागला, म्हणजे सरकारी आदेश किंवा साथ वगैरे, तर काय होणार हे कलमही बघा. कोविडच्या काळात रद्द झालेल्या बुकिंगांवरून जी हुज्जत झाली ती पुष्कळदा याच कलमाच्या अभावी. कलम नसेल तर घालून मागा. तोंडी "तुमचं बघून घेऊ" याला काही अर्थ नाही, माणूस कितीही भला असला तरी.

सही कोण करतं याकडे लक्ष द्या. संघटना स्वतंत्र कायदेशीर संस्था म्हणून नोंदलेली नसेल तर बऱ्याच ठिकाणी सही करणारी व्यक्तीच देण्याला जबाबदार धरली जाऊ शकते. एकोणीस वर्षांच्या मुलाने उत्साहात सही ठोकण्याआधी विद्यार्थी कल्याण कार्यालयाला विचारा की करार संस्थेच्या नावाने करता येतो का. विम्याचंही तिथेच विचारा. संस्थेची पॉलिसी तुमच्या कार्यक्रमाला लागू होते की नाही, आणि बाहेरच्या हॉलमध्ये झाला तरी होते का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत.

खर्चाला मंजुरी देण्याची एक मर्यादा ठरवून तिचं इतिवृत्त लिहा. लहान खर्च खजिनदाराने, त्यावरचा खजिनदार आणि अध्यक्षाने मिळून, त्याहून मोठा समितीने. असं ठरलेलं असलं की "मी हो म्हणून टाकलं" हे वाक्य कमी ऐकू येतं.

पायरी ५: नोंदणी आणि ऑनलाइन पैसे

फुकट ठेवलेल्या कार्यक्रमाला नावं भरपूर येतात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात, तर जेवण मात्र नावांच्या हिशेबाने सांगितलेलं असतं. त्यामुळे थोडं तरी शुल्क ठेवावं असं माझं मत आहे. ज्यांना तेही जड जाईल त्यांच्यासाठी गुपचूप माफीची सोय ठेवा. दुसरा मार्ग, छोटी अनामत घ्यायची आणि दाराशी परत द्यायची. तो ऐकायला छान आहे, पण परत देण्याची कटकट खजिनदाराच्या गळ्यात पडते. मी एकदा केला, पुन्हा केला नाही.

पेमेंट गेटवे प्रत्येक व्यवहारामागे आपलं शुल्क कापतो आणि रक्कम लगेच खात्यात टाकत नाही. तिकिटांचे पैसे "आलेत" असं पडद्यावर दिसतं, पण हॉलचा हप्ता ज्या दिवशी द्यायचा त्या दिवशी ते खात्यात असतीलच असं नाही. कापलेलं शुल्क खर्चात वेगळं दाखवा. ३०० चं तिकीट विकलं आणि खात्यात २९४ आले, तर जमा ३०० आणि शुल्क ६ अशी नोंद करायची. सरळ २९४ लिहिलं की तिकिटांची संख्या आणि पैसे यांचा मेळ कधीच बसत नाही.

क्यूआर कोड फक्त संघटनेच्या खात्याचा. "आत्तापुरता माझा लावू या, मग मी पाठवतो" असं म्हणणारा मित्र प्रामाणिकच असतो. तरीही नाही म्हणा. त्याच्या खात्यात त्याच दिवशी आईने पाठवलेले पैसे, खोलीचं भाडं, कोणाची उसनवारी असं सगळं येतं. नंतर ते वेगळं करायला बसलात की मैत्री आणि हिशेब दोन्हींचा बोऱ्या वाजतो. छापलेल्या कोडवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, तेही कार्यक्रमाच्या सकाळी एकदा स्वतः स्कॅन करून पाहा.

पैसे परत करण्याचा नियम नोंदणीच्या फॉर्मवरच लिहा: कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण, नंतर किती, आणि कार्यक्रम आम्ही रद्द केला तर काय. दोन ओळी पुरतात.

पायरी ६: दाराशी बसलेला गल्ला

सगळं ऑनलाइनच घेऊ असं कितीही ठरवलं तरी दाराशी नोटा येतातच. कोणाचा फोन बंद पडलेला, कोणाचं नेटवर्क गेलेलं. त्यासाठी गल्ला लागतो आणि गल्ल्याला शिस्त लागते.

माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या रात्रीचा हिशेब सांगते. दाराशी २०० च्या दराने ७० तिकिटं रोखीत विकली गेली, म्हणजे १४,०००. सुरुवातीला सुट्ट्यासाठी ठेवलेले पैसे वहीत ६४० लिहिलेले. गल्ल्यात १४,६४० हवे होते, निघाले १३,५६०. म्हणजे १,०८० कमी. रात्रीचे साडेअकरा, हॉलचा वॉचमन किल्ल्या वाजवतोय, आणि आम्ही चौघं फरशीवर नोटा मांडून एकमेकांकडे न बघता बसलेलो. कोणी काही बोलत नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते कळत होतं. मग आवराआवर करणारा एक जण सहज म्हणाला, "अरे, दुपारी दोरी आणि एक्स्टेन्शन बोर्ड आणायला मी यातूनच नेले होते, ९००." चिठ्ठी नव्हती, बिल त्याच्या सॅकमध्ये होतं. उरले १८०. ते दुसऱ्या दिवशी सापडले. सुटे पैसे मुळात ४६० च होते, सकाळच्या घाईत मीच ६४० लिहिले होते.

पैसा एकही गेला नव्हता. पण ती अर्धी रात्र फुकट गेली आणि एका मुलीने पुढच्या वेळी गल्ल्यावर बसायला साफ नकार दिला. तिला दोष देता येत नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे झाले. गल्ल्यावर कायम दोघं, एक पैसे घेणारा आणि एक पावती किंवा शिक्का देणारा. सुरुवातीचे सुटे पैसे दोघांनी मोजून, नोटा आणि नाण्यांच्या तपशिलासह लिहून, दोघांच्या सह्या. तिकिटांना क्रमांक. पहिला आणि शेवटचा क्रमांक वहीत आला की किती विकली हे कोणाच्या आठवणीवर राहत नाही. पाळी बदलताना गल्ला पुन्हा मोजायचा, नुसता सरकवायचा नाही. आणि गल्ल्यातून खर्च अजिबात नाही. दोरी आणायची असो की पाहुण्यांची गाडी सोडायची असो, त्यासाठी किरकोळ खर्चाची वेगळी पाकिटं. पाकिटातून पैसे गेले की तिथे चिठ्ठी येते. पाकिटातली रोकड आणि चिठ्ठ्यांची बेरीज मिळून सुरुवातीची रक्कम कधीही भरली पाहिजे. हे पाकीट ज्याच्याकडे, त्याच्याकडे गल्ला नाही.

सुटे पैसे आदल्या दिवशीच आणा आणि तिकिटाचा दर असा ठेवा की सुटे लागणारच नाहीत. २०० चा दर १८० पेक्षा बरा, केवळ या कारणासाठी.

कार्यक्रम संपल्यावर मोजणी तिथेच, दोघांसमक्ष. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत, जशीच्या तशी. "मंडपवाल्याचे यातूनच देऊन टाकू" हा मोह आवरा. आलेली रोकड पूर्ण भरायची आणि देणी खात्यातून द्यायची, म्हणजे दोन्ही बाजू स्टेटमेंटवर दिसतात.

पायरी ७: खिशातून केलेला खर्च

स्वयंसेवक स्वतःचे पैसे घालतात आणि आपण त्यांना ते महिनाभर देत नाही, ही जवळपास प्रत्येक संघटनेची रीत झाली आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच मग समितीत काम करू शकतो, हा त्याचा दुष्परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. शक्य तितकी बिलं संघटनेच्या खात्यातून थेट द्या. तरीही जे खिशातून जातील त्यांच्यासाठी एक फॉर्म: काय घेतलं, का घेतलं, कोणाच्या मंजुरीने, बिलाचा फोटो. कार्यक्रमानंतर दहा दिवसांत मागणी केली तर पुढच्या सात दिवसांत पैसे, असं दोन्ही बाजूंना बंधन घाला.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. दुकानातल्या छोट्या यंत्रातून येणारी पावती थर्मल कागदाची असते. उष्णतेने आणि काळाने तिच्यावरची अक्षरं उडतात, आणि लेखापरीक्षकासमोर तुम्ही कोरा चिठोरा धरून उभे राहता. बिलच हरवलं तर खर्च करणाऱ्याने स्वतः लिहून सही केलेलं व्हाउचर आणि त्यावर दुसऱ्याची मंजुरी. अशी व्हाउचरं वर्षात दोन-तीन ठीक, वीस झाली तर गडबड आहे.

स्वतःच्या खर्चाला स्वतः मंजुरी द्यायची नाही. खजिनदाराने तर नाहीच.

पायरी ८: प्रायोजक

ऑनलाइन कार्यक्रमात पडद्यावर लोगो दाखवून भागायचं. प्रत्यक्ष कार्यक्रमात प्रायोजक टेबल मागेल, बॅनर मागेल, आलेल्यांचे फोन नंबर मागेल. शेवटचं देऊ नका, लोकांनी ते तुम्हाला दिलेत, त्याला नाही. बाकी काय द्यायचं आणि पैसे कधी येणार ते लेखी ठरवा. पैसे खात्यात येईपर्यंत प्रायोजकाची रक्कम अंदाजपत्रकात कंसात लिहा आणि गणित ती वगळूनही करून बघा. वस्तूरूपात मिळालेली मदतही नोंदवा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या खजिनदाराला वाटेल की वह्या आणि पेनं फुकटच उगवतात.

पायरी ९: सात दिवसांत हिशेब बंद

कार्यक्रमानंतरचा आठवडा उलटला की लोकांची आठवण पुसट होते. सातव्या दिवशी बसून बँकेशी मेळ घाला: वहीतली प्रत्येक नोंद आणि स्टेटमेंटवरची प्रत्येक ओळ यांवर एकेक खूण. खूण न झालेलं जे उरेल त्याचाच शोध घ्यायचा.

ताळा बसत नसेल तर फरकाची रक्कम ९ ने भागून बघा. निःशेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. माझ्या ४६० आणि ६४० मध्ये फरक १८० चा होता, ९ वीसे १८०. फरक दोनने भागून येणारी रक्कम वहीत कुठे दिसते का तेही पाहा. दिसली तर जमेची नोंद खर्चात किंवा खर्चाची जमेत पडलेली असू शकते. मोठ्या फरकापेक्षा असे छोटे फरकच छळतात. ते "किरकोळ" म्हणून सोडून द्यावेसे वाटतात. पण त्या किरकोळ फरकाखाली दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात, हा अनुभव आहे.

मग एका पानाचा अहवाल: अंदाज किती, प्रत्यक्ष किती, फरक का. "का" हा रकाना दोन शब्दांत उरकू नका. "ध्वनी: ठरल्यापेक्षा दोन तास जास्त, उद्घाटन लांबलं" असं लिहिलं की पुढच्या समितीला पाहुण्यांचं भाषण आवरायला कारण मिळतं. हा अहवाल सगळ्या सभासदांना दिसेल असा ठेवा, तोटा झाला असला तरी. लपवलेल्या तोट्याचीच चर्चा जास्त होते.

पायरी १०: पुढच्याच्या हाती

सुपूर्द करायचं ते असं: शीट, बिलांचे फोटो कार्यक्रमवार फोल्डरमध्ये, करार, दरपत्रकं, वस्तूंची यादी, आणि संघटनेच्या ईमेलवर असलेले सगळे लॉगिन, तुमच्या वैयक्तिक ईमेलवरचे नव्हेत. नव्या खजिनदाराला सहीचे अधिकार मिळेपर्यंत तुमचे काढू नका, आणि मिळाल्यावर एक दिवसही ठेवू नका. जमलं तर त्याला तुमच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या गल्ल्यावर एक पाळी बसवा. शीट वाचून न कळणारं बरंच काही त्या दोन तासांत कळतं.

आणि हॉलची अनामत अजून परत आलेली नसेल, कारण ती आलेली नसतेच, तर रक्कम, पावती क्रमांक, ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आणि परतीची तारीख असं सगळं लिहून नव्या खजिनदाराच्या कॅलेंडरमध्ये स्वतः टाकून द्या, आठवडाभर आधीच्या आठवणीसह.